न धुवायचे दगड

"आनी त्या ड्रमांतले फातरूय धुवन काड गो, बुळबुळीत जाल्यात नुसते."

दगड धुवायचं हे काम सुमतीकाकींनी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं, रेश्माला. सदाकाकांना जाऊन दहा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी अकरावा, घर शुद्ध करायचं, म्हणून सर्वणच्या त्या घरात सकाळपासून धुणंच चाललं होतं. पडदे उतरवले होते, पाट घासून उन्हात उभे केले होते, काकांची आरामखुर्चीसुद्धा कुणीतरी पाणी मारून अंगणात ठेवली होती. रेश्मा ही काकांच्या पेडण्याच्या भाचीची मुलगी, पंधरा वर्षांची, सांगितलेलं काम लगेच करणारी. तिने बालदी घेतली, ब्लीचिंग पावडरचा डबा घेतला आणि ती मागच्या दाराकडे निघाली. मी पडवीत समया पुसत बसले होते. माझा हात थांबला.

आमचं घर काकांच्या घराला लागूनच, मधे फक्त दगडांचा एक गडगा. नात्याने ते माझे कुणी नव्हते, पण गडग्याला एक फट होती आणि मी लहानपणापासून त्या फटीतून त्यांच्याकडेच असायची. काका उच्च माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिक्षक नव्हेत, परीक्षानळ्या धुणारे, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात तांबड्या चिऱ्याची एक तळी बांधली, कमरेएवढी खोल, आणि त्यात गोल्डफिश सोडले. गावाला याची फार गंमत वाटायची. माशांचा गाव आपला, आणि हा माणूस मासे पाळतो पण खात नाही! येणारा जाणारा विचारायचाच, सदा, ह्या माशांचें हुमण केन्ना करता? काका शांतपणे सांगायचे, "तुज्या बाराव्याक."

माझी शाळा इंग्रजी. घरी कोंकणी. मराठी वाचताना मी अडखळायची, आणि अडखळले की हसतात म्हणून मोठ्याने वाचायचंच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. चारचौघांत मी बोलत नसे, अजूनही फारशी बोलत नाही. काकांना हे कधी कळलं कोण जाणे. एका रविवारी त्यांनी मला तळीच्या काठावर बसवलं, हातात मराठी वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाले, वाच, मासे हांसनात. त्यानंतर पाच-सहा वर्षं दर रविवारी मी माशांना अग्रलेख वाचून दाखवला. काका पाठमोरे बसून काहीतरी खटपट करत असायचे, चुकलं तरी वळून बघायचे नाहीत. आज हे जे लिहिते आहे ते त्या काठावरचं आहे.

तळीशेजारी एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता, अर्धा कापलेला. त्यात चिऱ्याचे फोडलेले तुकडे भरलेले. छोट्या पंपाने तळीचं पाणी ड्रममध्ये चढायचं, दगडांतून झिरपून परत तळीत पडायचं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पाणी अगदी नितळ असतं, पण माशांचे कल्ले जळतात. दगडांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू तो अमोनिया पचवतात. हे काकांनी मला एक दगड हातात देऊन सांगितलं होतं, पण त्यांच्या पद्धतीने. "हांगा आमचो सगळ्यांत व्हडलो वाडो आसा. पूण मतां मागपाक कोण येना." मी हसले होते. वाडा म्हणजे गावातली वस्ती, पण दगडातला वाडा म्हणजे काय ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं...

मी अकरावीत होते त्या वर्षीची चतुर्थी. काका दोन दिवसांसाठी पेडण्याला बहिणीकडे गेले होते, पाहुण्यांना घेऊन यायला. काकींच्या घरी साफसफाई जोरात होती. मला बोलायला जमत नाही, तर निदान काम तरी करावं, म्हणून मी परसात गेले. ड्रममधले दगड काळपट, चिकट. इतक्या स्वच्छ घरात हीच एक घाण, असं मला वाटलं. मी ते सगळे काढले, ब्लीचिंग पावडर टाकून नळाखाली ब्रशने घासले, चांगले लाल होईपर्यंत, आणि पुन्हा होते तसे रचून ठेवले. कुणी पाहिलं नाही. मला आठवतं, त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चतुर्थीला घर भरलं. मुलं दिवसभर तळीवर. रेश्मा तेव्हा सहा-सात वर्षांची, तिने मूठ मूठ चिरमुले टाकले, करंजीसारख्या नेवरीचे तुकडे टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी बरेच मासे वर आले होते, पाण्याच्या कडेला तोंडं उघडून. काही तळाशी आडवे. पंखांवर लाल रेघा. काकींनी रेश्माचे चिरमुले पाहिलेले होते, त्यांनी तिला सगळ्यांसमोर धरलं. तिच्या आईला ते लागलं, आईने मग मुलीलाच एक धपाटा घातला. मुलगी गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसून रडत होती, आणि मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. माझ्या नखांत अजून ब्लीचिंगचा वास होता की मला तसं वाटत होतं, सांगता येत नाही.

काकांनी आवाज चढवला नाही. शाळेतल्या जुन्या परीक्षानळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पांढऱ्या कागदासमोर धरलं. पिवळं राहायला हवं होतं ते गडद हिरवं झालं. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, चुना घाला, तळं निवळतं. काका म्हणाले, "चुनो घातल्यार फाल्यां मरतले ते आयजूच मरतले." मग उद्या मरायचे ते आजच का मरतील हे समजावून सांगितलं, चुन्याने पाण्यातलं आम्ल मरतं आणि अमोनिया आणखी विषारी होतो. सणाच्या दिवशी, सोवळं तसंच, हा माणूस विहिरीवरून पाणी शेंदत होता. तळीतलं चौथाई पाणी काढायचं, विहिरीचं चौथाई घालायचं, घालताना उंचावरून, म्हणजे हवा मिसळते. सगळं एकदम बदलायचं नाही, माशांना तो दुसरा धक्का. खाणं पूर्ण बंद.

मग ते ड्रमपाशी गेले. वरचा एक दगड उचलला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला. मी जनेलाच्या गजांमधून बघत होते. बराच वेळ त्यांनी तो दगड हातात धरला, मग परत ठेवला, अगदी होता तसा.

घरात येऊन ते थेट रेश्माजवळ गेले, खाली बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुज्या चिरमुल्यांनी मासे मरूंक नात गो बाये. वाडो उठलो, म्हूण मेले." कुणालाच कळलं नाही. काकी म्हणाल्या, ह्यांचं आपलं काहीतरीच. पण मला कळलं.

त्या दुपारीच ते स्कूटर काढून कारापूरला गेले, तिथे एका मित्राची माशांची टाकी होती. येताना ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड आणले, चिकट, काळपट, घाण. ते आमच्या लाल दगडांमध्ये मिसळले. एक वाडा उठला की दुसऱ्या वाड्यावरून माणसं आणून वसवायची, तसं. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी थेंब टाकून रंग बघायचं काम त्यांनी मला दिलं, तुझे डोळे बरे म्हणून. त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. हिरवा रंग रोज थोडा फिकट व्हायचा, मधेच पुन्हा गडद व्हायचा, आणि मी नळी धरून उभी राहायची... पाच मासे गेले. त्यांतला पांढरा सगळ्यांत जुना होता, त्याला काकांनी जास्वंदीखाली पुरलं. एका सकाळी नळी पिवळी आली. काकांनी ती माझ्या हातातून घेतली, उन्हात धरली आणि पाण्याकडेच बघत म्हणाले, "फातर कोणाक धुवपाचेच जाल्यार तळ्याच्या उदकांत विसळचे. नळाचें उदक मनशांक बरें." एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही, जसं वाचताना चुकल्यावर कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला किती जागा करून दिली होती ते मला उशिरा कळलं. त्यांनी एका लहान मुलीवरचा आळ काढला आणि दुसरीचं नाव घेतलं नाही. नाव मी स्वतः घ्यावं म्हणून काका वाट बघत होते का? असतील. आठ-नऊ वर्षं. मी पणजीला नोकरीला लागले, रविवारी यायची, काठावर बसायची, ओठांपर्यंत यायचं आणि मी वर्तमानपत्र उघडायची. या धुण्याच्या दहा दिवस आधी एका सकाळी चहाचा कप तळीच्या काठावर ठेवून ते आरामखुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. आईचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. पहिलं जे मनात आलं ते हेच, की आता सांगायला कुणी उरलं नाही. चतुर्थीची गोष्ट घरात मात्र उरली होती. कुणी तळीचं नाव काढलं की काकी अजून म्हणायच्या, रेश्माने चिरमुले घालून मारले ते. रेश्माही हसून मान हलवायची. तिला ते खरंच वाटत होतं.

त्या दहा दिवसांत संध्याकाळी गडग्याच्या फटीतून जाऊन माशांना चिमूटभर खाणं मी घालत होते. नळी काढून बघत होते. पिवळी. घरात इतकी माणसं, इतकी रडारड, आणि त्या ड्रममध्ये काकांचा वाडा आपलं काम करत होता.

मी मागच्या दारात पोहोचले तेव्हा रेश्माने पंप बंद केला होता. पहिला दगड तिच्या हातात होता, काळा, बुळबुळीत, आणि नळ सोडलेला होता. तळीच्या काठावर चहाच्या कपाचा गोल डाग अजून होता. काकी माझ्या मागून आल्या, सोबत रेश्माची आई, आणखी दोघी-तिघी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण मी धावत आले होते. मी हात पुढे करून नळ बंद केला. माझा आवाज फुटेल की नाही हे मला माहीत नव्हतं. मी माशांकडे पाहिलं.

"ते धुवूं नाका, रेश्मा. त्या वर्सा ते हांवें म्हज्या हातांनी धुयल्ले. मासे तुज्या चिरमुल्यांनी मरूंक नाशिल्ले."