तीन खात्यांपुढे तीन टिक

चूक सत्यमची होती, आणि ती त्याने पूर्ण आत्मविश्वासाने केली होती. कान्हे फाट्यावरच्या त्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रात पॅनकार्डापासून लग्नाच्या बायोडाटापर्यंत सगळं मिळायचं. ‘मला माहीत नाही’ एवढं एकच उत्तर मिळत नसे.

जुलैत भिमाजीभाऊ तीन पासबुकं घेऊन त्याच्याकडे आले. भाऊंचा सतरा सीटचा टेम्पो तळेगावच्या एका कंपनीत कामगारांच्या ने-आणीला लावलेला. शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटक. पैसा आला की भाऊ आधी त्याचे वाटे घालत: टेम्पो, घर आणि पोरीचं शिक्षण. त्यासाठी तीन बँकांत तीन खाती. घरच्या पैशांतून डिझेल भरणं म्हणजे त्यांच्या लेखी बायकोच्या ताटातलं उचलून खाणं. नंदाबाई म्हणायच्या, “ह्यांना मेल्यावर पन तीन ठिकाणी जाळावं लागंल.”

पॅनला आधार जोडलेलं नव्हतं, म्हणून कंपनीने भाड्यातून एक टक्क्याऐवजी वीस टक्के कर कापला होता. आठ महिन्यांत अठ्ठेचाळीस हजार. त्यापायीच टेम्पोच्या कर्जाचे तीन हप्ते थकले. सत्यमने आधार जोडून रिटर्न भरलं.

“परतावा सोळा-सोळा-सोळा हजार करून यील का रं?”

“तिन्ही खात्यांपुढे टिक केलीय भाऊ. आपोआप वाटून येणार. सरकारला भागाकार येतो.”

त्या भरवशावर भाऊंनी पोरीला, अपेक्षाला, सांगून टाकलं, नर्सिंगच्या फीचे सोळा हजार आले समज.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी भाऊंनी मोबाइल सत्यमच्या टेबलावर ठेवला. अठ्ठेचाळीस हजार आले होते. सगळे टेम्पोच्या खात्यात. त्याखालचा मेसेज एका मिनिटानंतरचा: थकलेले हप्ते आणि दंड मिळून सेहेचाळीस हजार सहाशे नव्वद वजा.

“पाचच्या आत फी न्हाई भरली तर जागा दुसऱ्या पोरीला जातीय,” भाऊ म्हणाले. “सकाळधरनं कॉलेजात बसलीय ती.”

सत्यमने शटर ओढलं आणि दोघे मोटारसायकलवर टेम्पोच्या बँकेच्या लोणावळा शाखेत गेले. मॅनेजर साहेबांनी मेसेज वाचला.

“टिक कितीही खात्यांना करा, पैसे एकातच पडतात. कुठल्या, ते आयकरवाले ठरवतात. फॉर्मच्या सूचनांत लिहिलेलं असतं. भरलं कोणी हे?”

सत्यम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

“सायेब, त्यातलं सोळा तरी मागं द्या. टेम्पोचं मी बगतो.”

“कर्ज तुमचंच फिटलंय ना? माझ्या हातात काही नाही.”

बाहेर येऊन भाऊंनी तीन ड्रायव्हरांना फोन केले. पहिल्याने महिनाअखेर सांगितली, दुसऱ्याने उचललाच नाही, तिसऱ्याने उलट भाऊंकडेच दोन हजार मागितले.

“भाऊ, शिव्या तरी द्या मला.”

“दिल्या आस्त्या. पन पाचच्या आत पोचायचंय. गाडी काढ.”

खात्यात उरलेल्यातले तेराशे एटीएममधून निघाले. कान्ह्याला सत्यमने दुकानाच्या भाड्याचे साडेपाच हजार काढले. “चुकीचं म्हनून दे, दयेचं म्हनून नको,” म्हणत भाऊंनी ते घेतले आणि टेम्पो सोमाटण्याला विक्कीच्या टायरच्या दुकानापुढे उभा केला. विक्कीने पावसाळ्याआधी घेतलेले दोन टायर उतरवून झिजलेले, गुळगुळीत चढवले, स्टेपनीही ठेवून घेतली.

“साडेआठ हजार देतो.”

“नऊ दे. पोरीची फी हाय.”

“भाऊ, माझ्याकडं येणाऱ्या समद्यांच्या पोरींची फीच आसती,” विक्की म्हणाला, पण नऊ मोजले.

तळेगावात कॉलेजच्या फीच्या खिडकीशी पोचले तेव्हा पाच वाजायला बारा मिनिटं होती. अपेक्षा बाकावर बसली होती. डबा तसाच मांडीवर.

खिडकीतल्या चैतालीताईंनी नोटा दोनदा मोजल्या. “दोनशे कमी आहेत.”

सत्यमने मोबाइलवर खातं बघितलं: चौदा रुपये. भाऊंनी खिसे उलटे केले. टोलची पावती आणि अर्धी सुपारी निघाली.  मग ते खिडकीचा गज धरून उभे राहिले.

चैतालीताईंनी मागे वळून बघितलं, स्वतःच्या पर्समधली नोट काढून गड्डीत सरकवली. “सोमवारी आणून द्या. आणि बोलू नका कुठे, नाहीतर रांग लागेल.”

अपेक्षाने पावती घेतली. तिची नजर मात्र फाटकाबाहेरच्या टेम्पोच्या मागच्या टायरांवर होती. 

सोमवारी सकाळी उर्स्याजवळ मागचा टायर फुटला. आत सोळा कामगार, बदलायला चाक नाही. कंपनीने दिवसाचं भाडं कापलं. भाऊंनी तिथूनच सत्यमला फोन लावला.

“त्या ताईंचं दोनशे तेवढं देऊन ये. तुझं मी बगतो मागनं.”

“व्हय भाऊ,” म्हणून सत्यमने गल्ला उघडला. आत एकशे तीस रुपये होते.