कोळ्यांचा तबादला

कुंडीला हात लावण्याआधी काका तिच्यावर टकटक करायचे आणि विचारायचे, "कोण हाय आत? बाहेर या, हुकूम आलाय." मग कुंडी कलती करून, खालचा विंचू किंवा मातकट रंगाचा विषारी कोळी चिमट्याने उचलून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. "तुमचा तबादला झाला, मियाँ. मूसीकाठी हजर व्हा."

हसू नका. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हाची ही गोष्ट आहे. आमच्या काचीगुड्याच्या गल्लीतली निम्मी मराठी घरं असेच बदलीचे हुकूम घेऊन मुंबई राज्यात निघाली होती. मी काकांचा शेजारी. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, विधुर. आम्ही त्यांना काका म्हणत असू.

मारणं त्यांना जमत नसे. डबा काखोटीला मारून ते मूसी नदीवरच्या अफझलगंजच्या पुलापर्यंत चालत जात. एकदा पोलिसाने हटकलं, "क्या है जी डब्बे में?" काका अदबीने म्हणाले, "सरकारी मुलाजिम हैं जनाब, तबादले पे जा रहे." आणि झाकण उघडलं. त्यानंतर त्या पोलिसाने त्यांना कधी अडवलं नाही. लांबूनच सलाम ठोकायचा.

बागेत एका कोळिणीला मात्र अभय होतं. पिवळ्या पट्ट्यांची, मोठी, दोन झाडांच्या मध्ये जाळं करून उलटी लटकणारी. "ही गरीब हाय. माश्या खाते, कुणाला काही करत नाही," ते सांगत. त्यांची पाच वर्षांची नात मेलेल्या माश्या काडीवर घेऊन तिला भरवायला जाई. आजोबा आणि नात तासन्‌तास त्या जाळ्यासमोर उकिडवे बसलेले असत.

मग त्यांच्या मुलाचा हुकूम आला. औरंगाबाद. बांधाबांध चालू असताना पोरीने खेळता खेळता कुंडीखाली हात घातला आणि किंचाळली. हात कोपरापर्यंत सुजला, रात्रभर ताप. विषारी कोळी चावला असेल, असं डॉक्टर म्हणाले. सूज उतरली, पण सुनेची भीती काही उतरली नाही. टांग्यात बसताना ती म्हणाली, "मामंजी, रागावू नका. पण बागेत एक जरी कोळी असला, तरी मी पोरीला इथं धाडणार नाही."

तिचं तरी काय चुकलं? आईच ती. मुलगा म्हणाला, "मोठं घर मिळालं की तुम्हालाच घेऊन जातो, बाबा." काका म्हणाले, "हौ, सावकाश. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला तेवढं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरेला पंचा बांधला. भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवल्या. तंबाखूचं पाणी उकळून झाडांवर मारलं, गंधकाची धुरी दिली. झुडपं बुंध्यापासून तोडली. डबा घेऊन किती खेपा झाल्या कोण जाणे. शेवटच्या खेपेला मी डब्यात डोकावलो, तर पिवळ्या पट्ट्यांची कोळीण होती.

"काका, ही तर गरीब ना?"

"सूनबाईला कुठं कळतंय गरीब कोणती नि जहरी कोणती?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तबादल्याचा विनोद केला नाही.

बाग साफ झाली, आणि मग उजाड झाली. जाळी गेल्यावर माश्या आणि डासांनी घर भरलं. भेंडीला अळी लागली, जास्वंदीला मावा. काका मोकळ्या अंगणात खुर्ची टाकून बसत. उन्हाळा आला. मुलाने कळवलं, रजा मंजूर झाली नाही. काकांनी आम्हाला तसं अगदी सहज सांगितलं आणि त्या रात्री आमच्याकडे जेवायला मात्र आले नाहीत. गल्लीत मराठी बोलायला आता आम्हीच उरलो होतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका लग्नासाठी मी औरंगाबादला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाच्या घरी डोकावलो. पोरीने माझा हात धरून मला ओसरीच्या कडेला नेलं. "काका, आमची पट्ट्यांची कोळीण बरी हाय ना? आजोबा तिला माश्या देतात ना? मला तिला बघायला यायचंय."

परत आल्यावर मी ते काकांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. ते आधी हसले. "असं म्हणाली? कोळिणीला बघायचंय म्हणाली?" मग पंच्याने तोंड झाकून घेतलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी बागेला हात लावला नाही. गवत माजलं, तोडलेली मेंदी पुन्हा फुटून वाढली. आणि श्रावण सरता सरता एक पिवळ्या पट्ट्यांची कोळीण कुठूनशी आली. तिने जाळं विणलं ते नेमकं फाटक आणि मेंदी यांच्या मध्ये. फाटक उघडलं की जाळं तुटणार. काकांनी फाटक सुतळीने बांधून टाकलं आणि मागच्या बोळातून ये-जा सुरू केली. दूधवाला कुरकुरला, पोस्टमन भिंतीवरून हाका मारू लागला. काका सगळ्यांना एकच सांगत, "दिवाळीपर्यंत जरा सबुरी करा. पोरीला बघू द्या." सुनेचं मन कसं वळवायचं, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता.

दिवाळीच्या आधीच ते गेले. सकाळी दार उघडलं नाही म्हणून आम्ही मागून आत शिरलो, तर झोपेतच.

तार केली. दुसऱ्या दिवशी मनमाडच्या गाडीने मुलगा आला, सून आली, पोरगीही आली. टांगा समोर थांबला. मी ओट्यावरून "मागच्या बोळातून या" असं ओरडेपर्यंत मुलाने बिचाऱ्याने फाटक ढकललं होतं. सुतळी तुटली. बापाला बघायला तो धावत घरात गेला, बाहीला जाळ्याचे धागे तसेच.

पोरगी तुटलेल्या जाळ्याकडे बघत फाटकातच थबकली होती. सून तिला ओढायला वळली, तिच्याकडे पाहिलं आणि धरलेला हात सोडून एकटीच आत गेली.

आत मंडळी तिरडी बांधत होती. मी आणि पोरगी, दोघं मेंदीची फांदी न्‌ फांदी उचलून कोळीण शोधत होतो. सापडली नाही.