मावशीच्या दारापासून नळापर्यंत

तीस सालाच्या पुढेमागे आम्ही सोलापुरात विणकरांच्या एका पेठेत राहत होतो. आमचे हे शाळामास्तर, मी नव्याने संसाराला लागलेली आणि तोंडाने फटकळ. शेजारच्या घरात मावशी राहायची. ती आमची नात्याची कुणी नव्हती, पण सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर तिने गिरणीत सूत गुंडाळायचं काम धरलं आणि वीस-बावीस वर्षं केलं. नवऱ्याने बांधलेलं एका खोलीचं घर तेवढं तिचं स्वतःचं होतं. पुढे काचबिंदूने तिचे डोळे गेले, डॉक्टरांनीही हात टेकले.

दिसत नव्हतं तरी भाकरी ती स्वतः थापायची, आणि माझ्यापेक्षा गोल. चूल तेवढी मी पेटवून द्यायची. अडायचं ते पाण्यापाशी. नळ गल्लीच्या टोकाला आणि मध्ये उघडं गटार. एकदा ती त्या गटारात पडली, गुडघा फुटला, आणि ही बातमी जवळच्या वळसंग गावी तिच्या भाच्यापर्यंत गेली. त्याचा निरोप आला: पंधरा दिवसांनी मंगळवारच्या बाजाराला गाडी घेऊन येतो आणि मावशीला कायमची घेऊन जातो.

त्या दिवशी मावशी जेवली नाही. "तितं मला एका जागी बसून ऱ्हावं लागंल गं," ती म्हणाली. "कुटं काय हाय ते कळायचं न्हाय. हितं भितीभितीची वळख हाय."

माझं डोकंच सणकलं. भाच्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण मनातल्या मनात त्याचा उद्धार करून टाकला. फुकटात पाळणा हलवणारं माणूस हवं असेल मेल्याला, दुसरं काय! आणि त्याच तिरमिरीत मला ती कल्पना सुचली.

समोरचा विणकर घरात तेलुगू बोलायचा आणि आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. त्याच्याकडे मागावरचं उरलेलं सूत पडलेलं असायचं. मी ते मागायला गेले, तर त्याने स्वतःच बसून त्याची बोटाएवढी जाड दोरी वळून दिली. रविवारी ह्यांनी भिंतींना खुंट्या ठोकल्या आणि मावशीच्या दारापासून नळापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी ताणली. तिच्या पायरीपाशी एक गाठ, गटारावरच्या फरशीपाशी दोन, नळाशी तीन. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पहिल्या दिवशी मावशी नळापर्यंत झोकात गेली आणि येताना शेजारच्या शिंप्याच्या घरात शिरून त्याच्या कापडावर बसली. चूक माझीच. पायरी दिसली म्हणून उत्साहाच्या भरात मी त्याच्या दारापाशीही एक गाठ मारली होती. ती सोडली. चौथ्या दिवशी मावशी भरलेली कळशी घेऊन एकटी घरी आली, आणि मास्तरांची बायको असूनही मी भर गल्लीत टाळ्या पिटल्या! आता एकच धास्ती होती. ताणलेली दोरी दिसली की आमच्या बायकांचे हात शिवशिवतात. दोरीवर लुगडी वाळत घातली म्हणून मी तिघींशी कडाकडा भांडले.

मंगळवार उजाडला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. भाचा उंच, पागोटेवाला, अबोल. मी त्याला बसाही म्हटलं नाही. "आधी बघा, मग न्यायचं बोला," असं बजावलं.

मावशीने कळशी काखेत घेतली, दोरीला हात लावला आणि निघाली. गल्ली दारादारांत उभी. एक गाठ झाली. दोन गाठी झाल्या, गटार ओलांडलं. आणि मध्येच तिचा हात ओल्या कापडावर आपटला. ती थबकली, कळशी डगमगली, भाचा पुढे धावला.

"कुणाचं आहे ते?" मी कडाडले. "कुणाला शरम आहे की नाही?"

मावशीने कापडाचा काठ चिमटीत धरून चाचपला. "वरडू नगंस. तुझंच हाय. मास्तरांचं धोतर. इतकं जाड रफू या गल्लीत दुसरं कोन करतंय?"

गल्ली खो खो हसली. सकाळच्या घाईत मीच ते तिथे टाकलं होतं! मावशीने धोतर बाजूला सारलं, पुढची दोरी शोधली, तीन गाठींपर्यंत गेली, कळशी भरली आणि तशीच परत येऊन भाच्यासमोर ठेवली.

"पी," ती म्हणाली.

तो प्याला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तरीणबाई, लई चांगलं केलंत. पर एकांद्या दिवशी पडली तर?"



"पडंन की," मावशी म्हणाली. "पर माझ्या दारात पडंन."

त्याने होकाराची मान हलवली. मी मावशीचे दोन्ही हात धरून तिला तिथेच गरकन फिरवलं. जिंकलो! बाजाराला आणलेल्या ज्वारीतलं एक पोतं तिच्यासाठी ठेवतो म्हणाला, ते उतरवून घ्यायला मी उड्या मारत गाडीपाशी गेले.

गाडीत कडब्याचा जाड थर होता, वर नवी कोरी वाकळ अंथरलेली, आणि टेकायला उशी. "खड्ड्यांनी हाडं खिळखिळी व्हतात म्हाताऱ्या मानसाची," तो म्हणाला. "घरी पुढच्या सोप्याला भित घालून खोली केलीया. न्हाणीघर दाराशीच घेतलंय तिच्यासाठी. आता ऱ्हाऊ दे." त्याने वाकळेची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "थंडी पडली की घाला तिच्या अंगावर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिकामी गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी वाकळ छातीशी धरून उभी होते.