दोन माई

"आई, मोरीसान गेल्या गं..." एवढं सांगून निखिल फोनवर रडायलाच लागला. मी भेंडी चिरत होते. तीन आठवडे झाले, पण अजून टोचतं ते हे, की विळीवरचा माझा हात थांबला नाही. मनात पहिलं आलं ते, माझ्यासाठी हा असा रडेल का?

मोरीसान त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या होस्टेलात स्वयंपाक करायच्या. सत्तरीच्या जपानी बाई, ठेंगण्या, गळ्यात कायम टॉवेल. टीम तिसऱ्या डिव्हिजनमधली, तिथेही तळाला. मॅच बघायला मुलांचे आईबाप, तेही रविवार मोकळा असला तर. निखिल गोलकीपर. ओजिमातल्या आमच्या घरून दोन गाड्या बदलून मी जायची आणि मांडीवर डबा घेऊन अगदी मागे बसायची. मोरीसान मात्र पाण्याची मोठी किटली घेऊन गोलच्या पाठीमागेच उभ्या. निखिलवर गोल झाला की ओरडायच्या, "दोन माई! दोन माई!" आणि खाली घातलेली मान वर करून तो त्यांच्याकडे बघून हसायचा. माझ्याकडे नाही.

मला ते झोंबायचं. म्हणजे याला दोन आया, एक मी नि एक ही? आणि हिला मराठी शिकवलं कुणी, यानेच ना? सबंध सीझन मी ते गिळलं. "मोरीसाननी पोटभर जेवू घातलंय गं," म्हणायचा, की थालीपिठं तशीच घरी परत. शेवटची मॅच हरून टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरली, त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा न राहवून विचारलं. रडवेला होता, तरी खो खो हसला. "अगं आई, ते इंग्रजी आहे! डोन्ट माइंड. इकडे दोनमाई म्हणतात. मनावर घेऊ नकोस, असं."

हायसं वाटायला हवं होतं... नाही वाटलं. हरलेल्या पोराला आईने म्हणायचं ते वर्षभर तिने म्हटलं, आणि मी डबा धरून बसले होते.

परवाच्या रविवारी नव्या सीझनची पहिली मॅच झाली. पोरांनी किटली भरून गोलमागे मोरीसानच्याच जागी ठेवली होती. निखिलवर गोल झाला. मान खाली गेली. मी उठले, डबा घरंगळला. चारचौघांत कधी न काढलेला आवाज काढून ओरडले, "दोन माई!"

त्याने मान वर केली. आधी किटलीकडे बघितलं. मग वळून मला शोधायला लागला.