गर्दीत ठेवलेला माइक

छायावहिनींचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. मोबाइलवर वहिनींचं नाव दिसलं म्हणजे पलीकडून त्यांचा नवरा, माझा मित्र प्रफुल्लच बोलणार हे ठरलेलं, कारण स्वतःचा फोन तो नेहमी कुठल्यातरी पाण्याच्या टाकीवर विसरून आलेला असायचा. म्हणून मी सवयीनं म्हणालो, "बोला साहेब, आज कोणत्या देशात टाळ्या वाजून राहिल्या?" पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मी बोलून राह्यली. हे गेले... सकाळी छातीत दुखते म्हनले, अन् डॉक्टर येईपर्यंत संपलं." मी मेथी परत ठेवली आणि भाजीवाली काय झालं म्हणून विचारत असतानाच चालू लागलो. या गोष्टीला आता दीड महिना झाला. अजूनही एखादं गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या की मी बाजूला पाहतो.

प्रफुल्ल पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आणि मी गणिताचा शिक्षक. नव्वदच्या दशकात दोघांचीही नेमणूक अहेरीला झाली आणि चांगली खोली मिळेना म्हणून आम्ही एकच क्वार्टर वाटून घेतलं. तो वडशाचा, बौद्ध घरातला. मी वरोऱ्याचा, शिंप्याच्या घरातला अन्सारी. पहिल्या दिवशी त्यानं सामान उतरवलं त्यात एक गादी, एक स्टोव्ह आणि बाकी नुसत्या कॅसेटी. एकीवरही छापील कव्हर नाही. नागपूरला कोणाकोणाच्या तबकड्यांवरून त्यानं त्या भरून आणलेल्या होत्या आणि त्यांवर गायकाचं, बँडचं नाव लिहिलेलंच नव्हतं. नुसतं 'जपान', 'कॉलेज', 'तुरुंग', 'मोठं मैदान'. मी म्हटलं, हा भूगोल शिकवतो की काय. तर म्हणाला, "नाव कायले पाह्यजे? कुठी वाजवलं अन् कोनासमोर वाजवलं, तेवढं कळलं तं बास."

ते सगळं इंग्रजी रॉक होतं, आणि सगळं लोकांसमोर वाजवलेलं. स्टुडिओत बसून केलेली रेकॉर्ड तो घरात येऊ देत नसे. बिनालोकांचं गाणं म्हणजे बिनाफोडणीचं वरण, पोट भरते पण याद राहत नाही, असं त्याचं मत. मला ते संगीत तेव्हाही आवडत नव्हतं, आजही आवडत नाही. गिटार रडायला लागली की मला आमच्या गल्लीतलं वेल्डिंगचं दुकान आठवतं. पण प्रफुल्ल ते ऐकवायचा कसा, ते सांगतो. तो गाणं ऐकवायचाच नाही. तो गाण्याच्या अवतीभवतीचं ऐकवायचा. 'जपान'मध्ये सूर पूर्ण विरेपर्यंत एकही टाळी पडत नाही आणि मग सगळं सभागृह एकदम फुटतं. तो बोट वर करून ती शांतता मला दाखवायचा. 'कॉलेज' ही जेवणाच्या लहानशा हॉलमध्ये वाजवलेली, तिच्यात ढोलकवाल्याचा श्वास ऐकू येतो. 'तुरुंग' हे खरं म्हणजे रॉक नव्हेच, असं तो स्वतःच कबूल करायचा, पण कैद्यांच्या हसण्यासाठी त्यानं ती ठेवली होती. साहेब लोकांवरचा एक टोमणा येतो आणि कैदी असे हसतात की हसण्यातच त्यांची सगळी कैफियत येते. आणि 'मोठं मैदान'... तिथं गाणाराच गप्प बसतो, अख्खं कडवं लोक म्हणतात, आणि लोकांचा सूर थोडा पडलेला असतो. तो पडलेला सूर प्रफुल्लला सगळ्यांत प्रिय होता. "दुरुस्त नाई केला, पाह्य. दुरुस्त केला असता तं ते लोकं घरी गेले असते."

जे गाणं रेकॉर्डवर तीन-चार मिनिटांत उरकतं, तेच लोकांसमोर अर्धी कॅसेट खातं, हेही त्यानंच दाखवलं. मी विचारलं, एवढं लांबवायचं कशाला? तो म्हणाला, वडशाकडच्या नाटकात एखाद्या पदाला लोकांनी वन्समोअर दिला तर गाणारा पुन्हा तेच गातो का? नाही. पहिल्यांदा घेतली नाही ती तान दुसऱ्यांदा घेतो, कारण आता त्याला ठाऊक असतं की समोरचे आपले आहेत. तसंच हे. वाजवणाऱ्याचं अर्धं वाजवणं लोकांच्या हातात असतं, हा त्याचा सिद्धांत. काही रेकॉर्डींमध्ये टाळ्या मागाहून चिकटवलेल्या असतात, त्या त्याला बरोबर कळायच्या आणि त्याचा चेहरा नासकं दूध प्यायल्यासारखा व्हायचा. अहेरीच्या एका लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाल्यानं अशाच उसन्या टाळ्या टाकल्या होत्या. प्रफुल्लनं वरबापासमोर ते बोलून दाखवलं आणि आम्हा दोघांना जेवण न करताच निघावं लागलं. वाटेत मी बोलत नव्हतो, तर म्हणाला, "तुले भूक लागली म्हून तू रागात आहे. खोट्या टाळ्याइचा तुले राग नाई, हेच मले बरं नाई वाटत."

हा वेडेपणा कुठून आला ते मला वडशाला गेल्यावर कळलं. त्याचे वडील झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे; लोक त्याला पेटीच म्हणत. सगळा वडसा त्यांना मास्तर म्हणायचा. दिवाळी झाली की नाटकं सुरू, ती होळीपर्यंत. आज या गावी, उद्या त्या गावी, आणि मास्तर ऑर्गनसोबत. मुलगा तबल्यावर बसेल ही त्यांची आशा, मुलगा बसला इंजिनिअरिंगला. त्यात घरी आला की ही इंग्रजी घरघर. दोघांत भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. "जेवला का?" "हो." "गाडी किती वाजता?" "चार." एवढ्यावर बापलेकांचं आटोपायचं. माझ्याशी मात्र दोघंही तासन्तास बोलायचे, आणि दोघंही एकमेकांबद्दलच विचारायचे.

एका हिवाळ्यात वडशाला सासऱ्यांजवळ राहणाऱ्या छायावहिनींनी प्रफुल्लला सांगितलं की बाबांची बोटं आखडायला लागली आहेत, सकाळी कपही धरवत नाही, हा त्यांचा शेवटचाच हंगाम. त्या दिवशी प्रफुल्ल जेवला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर वाजवलं, त्याचं एक मिनिटही कुठं टेपवर नव्हतं. झाडीपट्टीतलं वाजवणं तेव्हा कोण रेकॉर्ड करणार? साऱ्या जगाच्या टाळ्या घरात, आणि बापाचा एक सूर नाही. "अन्सारी, आपली 'वडसा' व्हायले पाह्यजे," तो म्हणाला. बोटं आहेत तोवरच. नागपूरहून चांगला रेकॉर्डर आणला, चांगला माइक आणला, आणि वडशाजवळच्या एका गावी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं नाटक होतं तिथं आम्ही पोचलो.

आणि तिथं त्यानं ती चूक केली. दुसरा कोणी असता तर त्यानं माइक ऑर्गनजवळ लावला असता. पण प्रफुल्लनं इतकी वर्षं लोकच ऐकले होते. त्यानं प्रेक्षकांच्या मधोमध एक बांबू रोवला, त्याला माइक बांधला आणि खाली अंथरलेल्या पोत्यावर आम्ही दोघं बसलो. मला ताकीद दिली की बोलायचं नाही, खोकायचं नाही, शेंगा सोलायच्या नाहीत. मी शेंगा सोलल्या नाहीत, पण पहाटेच्या अंकात मला झोप लागली. मास्तर त्या नाटकात असं वाजवत होते की पडदा पडल्यावर नट आधी त्यांच्या पाया पडायला खाली उतरले. प्रफुल्लचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, जागरणानं.

दुसऱ्या दिवशी वडशाच्या घरी मास्तर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेपसमोर बसले. सुरू झालं. मूल रडतं, कोणाची चप्पल सापडत नाही, एक बाई खलनायकाला नाव घेऊन शिव्या देते, शेंगा फुटतात, वन्समोअर होतो... आणि या सगळ्याच्या पलीकडं, शेजारच्या गावात वाजावी तशी पेटी. पहिली बाजू संपली. मास्तरांनी विचारलं, "पोरा, यात मी कुठी आहो?" प्रफुल्लनं कॅसेट बाहेर काढली. मास्तर उठून आत गेले. बाकीच्या कॅसेटी कोणी लावल्याच नाहीत. त्या हंगामात पुढं मास्तरांनी जेमतेम वाजवलं आणि होळीच्या आधीच बोटांनी नकार दिला.

अहेरीत आमच्या क्वार्टरमध्ये मग कित्येक महिने टेप बंद होता. मला शांतता हवी होती ती मिळाली, आणि ती मला सोसेना. मीच एकदा 'जपान' लावली, तर उठून त्यानं बंद केली. "बापाले मी एकच गोष्ट देऊ शकत होतो," म्हणाला, "अन् थेच हुकली."

पुढच्या दिवाळीत तो मला वडशाला घेऊन गेला. नाटकांच्या गाड्या भरून निघत होत्या आणि मास्तर पहिल्यांदाच ओट्यावर बसून त्या पाहत होते. संध्याकाळी म्हणाले, "ते टेप लाव." प्रफुल्ल म्हणाला, "राहू द्या बाबा. तुमचं काई नाई त्याच्यात."

"माहं नोको. लोकाइचं ऐकतो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. ऑर्गनवाला स्टेजच्या पुढं खालच्या खड्ड्यात बसतो, तोंड नटांकडं करून. लोक त्याच्या पाठीमागं. मास्तरांनी जन्मभर लोकांसमोर वाजवलं, पण लोक कधी पाहिले नव्हते आणि हाताखालचा सूर इतका जवळ की मागचं नीट ऐकूही आलं नव्हतं. "पाठीमांगं काय होते, मले काय मालूम," म्हणाले.

त्यांनी सगळ्या कॅसेटी ऐकल्या, बाजू बदलत बदलत. शिव्या देणाऱ्या बाईला ते मनापासून हसले. माझं घोरणं आलं, त्यालाही हसले. पहाटेच्या अंकात एक लांब पद होतं आणि त्यात पेटी वाजत असताना सगळी गर्दी गप्प झाली. कोणाचं पोर नाही, शेंग नाही. मास्तर मान खाली घालून ती शांतता ऐकत राहिले. आणि त्या शांततेत, माइकच्या अगदी जवळ, एका म्हाताऱ्या बाईचा दबका आवाज आला, "पेटी कोन वाजवून राह्यला, बाबू?"

मग प्रफुल्लचा आवाज. "माहे बाबा आहेत."

"असं? मंग तू इथी काऊन बसला? जाय न त्याइच्यापाशी."

थोडा वेळ फक्त पेटी. मग पुन्हा त्याचा आवाज, "इथून चांगले दिसतेत."

मला खोकूही न देणारा माणूस स्वतः माइकपाशी बोलला होता आणि हे त्याला आठवतही नव्हतं. त्याचे कान लाल झाले, तो जमिनीकडं पाहत बसला. मी उगाच चष्मा पुसू लागलो. मास्तरांनी आखडलेल्या बोटानं बटण दाबून टेप मागं घेतला आणि पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. शेवटी एवढंच म्हणाले, "चहा पेतं का रे?" आणि चहा पिता पिता, "तुह्या थ्या जपानवाल्याइची लाव बरं एकखादी." प्रफुल्लनं लावली. मास्तरांनी शेवटच्या टाळीपर्यंत ऐकली आणि म्हणाले की तो गिटारवाला चांगला आहे, पण फार घाईत सम गाठतो. त्या सुट्टीभर बापलेक त्या समेवर वाद घालत होते. मी इतका आनंदी प्रफुल्ल त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मोठ्या लोकांच्या रेकॉर्डी मोठ्या का, यावर जाणकार पुष्कळ लिहितात. मला त्यातलं फार कळत नाही. प्रफुल्लकडून मी एवढं शिकलो की वाजवणारा एकटा नसतो आणि ऐकणाराही नसतो. माझा मित्र इंजिनिअर म्हणून चांगला होता, त्यानं बांधलेल्या टाक्यांतून अहेरीकडची गावं आजही पाणी पितात. पण त्याच्यासारखा ऐकणारा मी दुसरा पाहिला नाही. माणूस बोलायला लागला की तो टेप बंद करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकायचा. त्याच्यासमोर साधा माणूसही नीट बोलायला लागायचा.

तो गेल्यावर मी वडशाला गेलो तेव्हा मास्तर ओट्यावरच होते. ऐंशीच्या पुढं वय, मुलगा आधी गेलेला. त्यांनी मला आत नेऊन ती पहाटेच्या अंकाची कॅसेट दाखवली. फीत घासून पातळ झाली होती, आवाज लहरायला लागला होता. "तुटन एक दिवस," म्हणाले. मी ती चंद्रपूरला एका संगणकवाल्याकडं नेली, सीडी करून द्या म्हटलं. त्यानं ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला की आता नवं तंत्र आलंय, मागची सगळी गडबड काढून टाकता येईल, पेटी एकदम साफ ऐकू येईल. मला वाटलं, मास्तरांनी तेव्हा जे मागितलं होतं ते आता तरी मिळेल. दुकानातूनच वहिनींना फोन लावला, मास्तरांना द्यायला सांगितलं आणि त्यांना सगळं समजावून विचारलं, काढायची का गडबड?

मास्तरांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"नोको, भाऊ," म्हणाले. "गडबड राहू द्या... त्याच्या बोलन्यावरची पेटी कमी करता येत असन तं पाहा."