भावाच्या मीटरवरचा लाल दिवा

ज्या सकाळी धाकटा भाऊ बिऱ्हाड घेऊन उटनूरला गेला, त्याच सकाळी माझा इन्व्हर्टर ओरडायला लागला. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मला संशय आला तो बॅटरीवाल्याचा.

आमचं आदिलाबादचं घर आधी एकच होतं. पैसा माझा, नाव दोघांचं. मी आमच्या गावाहून, बेल्याहून, आलो तेव्हा जळलेल्या मोटारींत तार भरायच्या दुकानात तांब्याची तार सोलत होतो. आज माझं स्वतःचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे. भाऊ शिकला, मास्तर झाला. पुढे घरात पटेना, म्हणून मधोमध भिंत घातली. डावी बाजू माझी, उजवी त्याची. ओट्यावर दोन मीटर शेजारी शेजारी लागले. वायरमनला मी तेव्हा बजावलं होतं, जे चालू आहे त्याला हात लावू नकोस, उगाच भिंती फोडून मजुरी वाढवू नकोस.

मग भावाचं बिल वाढायला लागलं. त्याच्या मीटरवर एक लाल दिवा सारखा लागलेला असायचा. त्यानं लाईनमनला बोलावलं. लाईनमन म्हणाला, कुठून तरी बाहेरचा करंट मिसळतोय. तोवर गल्लीतली माणसं ओट्यासमोर जमली होती.

“भाऊ, तुमचं मेन स्विच एक मिनिट खाली करा,” धाकटा म्हणाला. “मले पाहू द्या दिवा जाते का.”

“काऊन? मी तुही लाईन चोरून राह्यलो का?”

“मी तसं म्हणलं का? दिवा पाहाचा हाय फक्त.”

“गल्ली गोळा करून दिवा पाह्यते का कोणी?”

तेव्हा तो बोलला. हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “चोर नसला त्याले मेन खाली कराले काय होते?”

मी मेन खाली केलं नाही. आत गेलो आणि दार लावून घेतलं. ज्याच्या फीसाठी मी दुसऱ्याच्या दुकानात हात काळे केले, त्यानं मला गल्लीत चोर म्हणावं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. पोळ्याला गावी जायचो तेही वेगवेगळे. तो सकाळी बैलांची पूजा करून निघायचा, मी उन्हं कलल्यावर पोचायचो. भिंतीपलीकडे त्याची पोरं पाढे म्हणायची, ते मी जेवताना ऐकायचो. मग त्याची उटनूरच्या शाळेत बदली झाली. टेम्पो भरला तेव्हा मी मागच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. कोणी मला हाक मारली नाही.

टेम्पो गेला आणि थोड्या वेळानं बायको आली. “अवो, हा काऊन ओरडून राह्यला? लाईट तर हाय.”

समोरच्या खोलीतला, इन्व्हर्टरवर नसलेला पंखा फिरत होता, तरी इन्व्हर्टर बॅटरी खात होता. मी स्वयंपाकघरातल्या त्याच्या प्लगमध्ये टेस्टर घातला. टेस्टर पेटला. म्हणजे करंट होता आणि इन्व्हर्टर तो घेत नव्हता.

“मिक्सर बी बंद हाय,” बायको म्हणाली. “फ्रिज बी. त्यायचा बॅटरीशी काय संबंध?”

मी ऐकलंच नाही. ही बॅटरी घेताना मी दुकानदाराला इतका खाली आणला होता की शेवटी तो हसून म्हणाला होता, सेठ, आता घर पण लिहून घ्या. तेव्हापासून माझ्या मनात होतं की या माणसानं कुठे तरी वसूल केलंच असणार. जुनी बॅटरी नवं स्टिकर लावून दिली असेल. दुपारपर्यंत ती पार बसली. मी ती ऑटोत टाकली आणि रस्ताभर बोलायची वाक्यं जुळवत गेलो.

बॅटरीवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, बॅटरी तपासली आणि चहा मागवला. “सेठ, इसकू कुछ नै हुआ. भूकी है. आप इसकू खाना नै दे रे.”

“प्लगमध्ये टेस्टर पेटतो.”

“टेस्टर जलता, मगर फ्रिज चलता क्या?”

मी चहा न पिता निघालो. बॅटरी त्याच्याकडे चार्जिंगला ठेवली. चार्जिंगचे पैसे द्यायचे नाहीत हे मात्र बजावून ठेवलं.

घरी आलो आणि मग, ज्या माणसानं अर्धं आयुष्य मोटारींत घालवलं त्यानं आधी करायला हवं होतं ते केलं. फ्रिजशेजारच्या प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर घालून पाहिला. दोन्हीकडे पेटला. फ्रिजची पिन काढली, मग एकाच भोकात पेटला. करंट जायला एक तार लागते, परत यायला दुसरी. माझ्या स्वयंपाकघराची परतीची तार कुठे तरी तुटली होती.

स्टुलावर चढून दारावरचा तारांच्या जोडाचा डबा उघडला. परतीची काळी तार माझ्या बोर्डाकडे जातच नव्हती. ती नव्या भिंतीत शिरत होती, भावाच्या बाजूला.

मी ओट्यावर गेलो. त्याच्या दाराला कुलूप होतं. मीटरवरचा लाल दिवा विझला होता. जाताना त्यानं आत मेन खाली केलं असणार, आणि त्याबरोबर माझी परतीची वाटही बंद झाली. एरवी उन्हाळ्यात सासरी गेला तरी फ्रिजसाठी तो ते चालूच ठेवायचा.

इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघराचा करंट माझ्या मीटरमधून जात होता आणि त्याच्या मीटरमधून परतत होता. दोन्ही मीटर तो मोजत होते. चोरी कोणीच केली नव्हती आणि त्याचं बिल खरंच वाढलं होतं. मी एक मिनिट मेन खाली केलं असतं तर त्याचा दिवा विझला असता, आणि तिथे उभा असलेला लाईनमन तारेमागे गेला असता.

तार माझ्या बोर्डाला जोडली असती तर काम संपलं असतं आणि कोणाला काही कळलंही नसतं. धंद्यात मी हेच केलं असतं. पण मी हातात टेस्टर घेऊन तिथेच उभा राहिलो आणि फोन लावला.

“भाऊ?” त्यानं उचलला.

“तुह्या मीटरवरचा लाल दिवा गेला.”

मग मी सगळं सांगितलं. पलीकडे भांडी लावल्याचा आवाज येत होता.

“म्हणजे मी खोटं बोललो नोतो,” तो म्हणाला.

“मी बी चोर नोतो.”

“नाही. नोते तुमी.”

तिथे थांबायला हवं होतं. पण मी थांबलो नाही. “मग गल्लीसमोर काऊन बोलला? आत येऊन सांगता नोतं येत?”

“आत येऊ देल्लं असतं का तुमी?” मग तो म्हणाला, “ज्यायच्यासमोर मी बोललो, त्यायले आता तुमीच सांगा. मी काही तिथं येत नाही. माह्या बाजूचं घर विकाचा बयाणा घेतला मी.”

“मले विचारलं नाही.”

“तुमच्याशी सौदा कोण करन, भाऊ?” तो हसला. मला त्याचं ते हसणं आठवत होतं. लहानपणी माझ्या बोटाला चिमटा बसला की तो तसाच हसायचा.

फोन ठेवून मी माझं मेन खाली केलं. भिंतीतली तार कापून तिचं टोक बांधलं, दारावरच्या डब्यातून नवी काळी तार माझ्या बोर्डापर्यंत ओढली, मेन वर केलं. फ्रिज घुरघुरला. बायकोनं मिक्सर लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या किराणावाल्याला ओट्यावर बोलावलं. दिव्यावरून भांडण झालं त्या दिवशी तो सगळ्यांत पुढे उभा होता.

“तो लाल दिवा,” मी म्हणालो. “त्याचं कारण सापडलं.”

“कोणता दिवा?”

“मास्तर मले चोर म्हणला होता, तो दिवा.”

त्यानं आठवायचा खरंच प्रयत्न केला. “कधी बा? मी होतो का तिथं?”

मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि भिंत घातली तिथपासून सुरुवात केली. तो मीटरकडे पाहून मान हलवत होता.

“चांगलं झालं,” शेवटी तो म्हणाला. “मग मास्तर कधी येऊन राह्यले?”