धवलारणीचा आवाज

बाळकुमात ठमाबाईशिवाय लग्न लागत नसे. भटजी उशिरा आला तर लोक चार विड्या ओढून वाट बघत. पण धवलारीण आली नसेल तर नवरीला हळदसुद्धा लागत नसे. आगऱ्यांचं लग्न म्हणजे धवले, लग्नविधींची गाणी, आणि धवले गावेत ते ठमाबाईनंच. दिवसभर मिठागरात टोपल्या वाहून बाईची मान आखडलेली असायची, तरी मांडवात बसून एकदा तिनं सूर लावला, की खाडीपलीकडच्यांनाही कळे, आज बाळकुमात लग्न आहे.

सगळ्या गावाची लग्नं लावून झाली, राहिला तिचा राघो. नवरा लवकर गेला, तेव्हापासून या एकुलत्या पोरासाठी ती मनातल्या मनात धवला रचत होती. सुनेच्या नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली होती. राघो शिकला, सांताक्रूझला विमानदुरुस्तीच्या कामावर लागला, आणि एकोणसाठ साली कंपनीनं त्याला पुढचं शिकायला विलायतेला धाडायचं ठरवलं.

"आये, दोन वरसांनी परत येतो, मंग लगीन. तूच गा," असं म्हणून तो सकाळी हातावरचं दही खाऊन निघाला. विमानतळावर मात्र त्यानं कुणाला येऊ दिलं नाही. पास मिळत नाही म्हणे! थाप अगदी साहेबी थाटाची होती, पण आईला ती खरी वाटली. आयांना काय, काहीही खरं वाटतं.

उन्हं कलली तेव्हा शेजारचा भिवा धापा टाकत आला. तो विमानतळावर हमाली करायचा.

"ठमाय, राघ्याचा विमान परत आयलाय! आत धूर कोंडला, मानसा खोकून बेजार. सगल्यांना अंधेरीच्या दवाखान्यात नेलान!"

मिठाचा ट्रक अंधेरीकडे निघाला होता, त्यात पोत्यांवर बसून ती तशीच गेली. वाटेत गावदेवीला कोंबडा कबूल करून झाला, मग दोन केले.

राघो खाटेवर उठून बसला होता. डोळे लालभडक, बाकी धडधाकट. नवं जेट समुद्रावर पोचलं आणि आत जळक्या तेलाचा वास भरला, माणसांचे डोळे झोंबले, श्वास लागला, म्हणून पायलटनं विमान मागे फिरवलं, एवढं त्यानं सांगितलं. ठमाबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडली. तो मात्र सारखा दाराकडे बघत होता.

तेवढ्यात दारातून खोकत, राघोसारखेच लालभडक डोळे घेऊन एक मुलगी आली. अंगावर उंची साडी, गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र. ती सरळ राघोच्या खाटेवर टेकली.

"कोन रं ही?"

राघोनं मान खाली घातली. "हेमा. लगीन केलाय आमी. कोर्टात. गेल्या महिन्यात."

पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता. महिनाभर हा तिच्या हातचं जेवला होता, आणि आज सकाळी तिच्याच पाया पडून, तोंड वर करून खोटं बोलून निघाला होता.

हेमा उठून पाया पडली. "आई ना तुम्ही? मला धवल्यांची फार हौस होती हो. ठाण्याला बाबा वकील आहेत, त्यांनाही मी तसं सांगितलं होतं. पण हे म्हणाले, आजारपणात तुमचा गाण्याचा आवाज गेला, तेव्हापासून तुम्ही कुणाच्या लग्नालाच जात नाही. आता कसं आहे?"

म्हणजे मुलीला मांडवात सासू हवी होती. लाज वाटली ती पोराला! ठाण्याच्या वकील सासऱ्यापुढे मिठागरातली बाई मांडवात बसून गायली असती, तर जावईबापूंचं नाक कापलं गेलं असतं.

इतकी वर्षं रचलेला सगळा धवला ठमाबाईच्या ओठांवर आला. एक ओळ म्हटली असती, तरी खोटेपणा तिथल्या तिथे उघडा पडला असता. तिनं राघोकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तिनं त्या परक्या पोरीकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.

"नाय गं बाय," ठमाबाई म्हणाली. "गेला तो गेलाच."

हेमानं हळहळून तिचा हात हातात घेतला. मागे खाटेवर राघोनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तो ठमाबाईला नीट ऐकू आला.